चाक फिरतं, ट्रॅक्टर हलत नाही

बाबा, कशी आहे तब्येत? खोकला गेला का? आईचे गुडघे आता तरी वळतात ना? आमचे हे मागच्या वर्षी तिकडे आले, भेटले असतीलच. त्यांना साखर होती. आई लाडानं शिरा वाढेल, तेवढं सांभाळा. मी बरी आहे. चौबे कॉलनीतल्या घरात मी एकटीच. पोरगा हैदराबादला. रोज फोन करतो, मी मराठीत विचारते, तो इथल्या सगळ्या पोरांसारखा हिंदीत उत्तर देतो. दिवसभरात बोलणं होतं ते तेवढंच.

लिहायला बसले ते ट्रॅक्टरमुळे. यांनी रिटायर झाल्यावर शहराबाहेर पेरूची बाग लावली आणि झाडांच्या ओळींमधून जाईल असा लहानसा ट्रॅक्टर घेतला. चारही चाकांना ताकद जाते याच्यात, तुमच्या वेळी मागच्या दोघांनाच जायची. आता तो मीच चालवते. पोराला धास्ती. म्हणाला, "मम्मी, एक बार भी फँसा तो बेच देंगे." मी "हव, विकू" म्हणून मोकळी झाले.

आणि मंगळवारी फसला. पाण्याचा पाइप फुटून कोपऱ्यात चिखल झाला होता. उजवीकडची दोन्ही चाकं त्यात, डावीकडची कोरड्यावर. चार चाकांचा लिव्हर ओढलेला, तरी उजवी दोन भिंगरीसारखी फिरताहेत आणि डावी दोन पाहुण्यासारखी बसून. शेजारच्या बागेतल्या भैयाला हाक मारली असती तर त्यानं दोरानं ओढून काढला असता, पण संध्याकाळच्या आत बातमी हैदराबादला पोचली असती आणि ट्रॅक्टर गेला असता.

तेव्हा तात्यापाऱ्यातलं तुमचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं शेड आठवलं. मी फ्रॉकमध्ये, तुमचा डबा घेऊन आलेली. तुम्ही एका ट्रॅक्टरची मागची चाकं जॅकवर उचलून ठेवलीत. "फिरव हे," म्हणता. मी एक चाक पुढे ढकलते, तर पलीकडचं उलटं फिरतं! मी खिदळत सुटते.

"हसून काय राहिली पोट्टे? वळताना बाहेरच्या चाकाले जास्त चालावं लागते, म्हणून दोघायले मोकळं ठेवलं हाये. पण एक चाक चिखलात घसरलं का सारी ताकद तिकडंच पयते." मग पायाजवळची पट्टी दाखवता. "ही दाबली का दोघं बांधले गेले. मंग एकटं कोणी फिरत नाही."

"मग नेहमीच दाबून काहून नाही ठेवत?"

"वळवशील तवा मोडून ठेवशील! सरळ जाय, निघाली का पाय काढ. अन् चाक फिरून राहिलं असताना दाबशील तर याद राख. आधी थांबव."

एवढं रागावून डब्यातली शेंगदाण्याची चटणी माझ्याच हातावर ठेवलीत.

तर मी आधी थांबवलं. चाकं शांत झाल्यावर याच्यातली तशीच पट्टी टाचेनं दाबली आणि क्लच हळूहळू सोडला. मागच्या डाव्या चाकानं माती धरली. सरळ, अगदी सरळ नेला, कोरड्यावर आल्यावर पाय काढला आणि मगच वळवला. मग उगाच बांधाकडे पाहिलं. तिथे कोण असणार?

लपवणं जमलं नाही. संध्याकाळी पोराला सांगितलं.

"तो फिर बेच दें?"

"फसला तो तिथंच अडकून राहतो रे. हा तर निघाला."

हसला. "चोट तो नहीं लगी? अच्छा, रख लो." कसा काढला ते काही विचारलं नाही. मी मात्र सगळं सांगायची तयारी करून बसले होते.

एक खरं सांगते बाबा. एवढ्याशा बागेला ट्रॅक्टर लागतच नाही, भाड्यानं बोलावला तरी भागेल. पण त्यावर बसलं की तुमचं रागावणं ऐकू येतं, आणि मला मराठीत रागावणारं आता कोणी उरलेलं नाही.

हे पत्र सीटखालच्या डब्यात, पान्यांजवळ ठेवून देते. लवकर लिहा. चाकाबद्दलच लिहिलंत तरी चालेल.