पुढच्या मंगळवारचा वायदा

प्रिय दादा,

गिऱ्हाइकाला खरी तारीख द्यायची नाही, हा आपल्या शिंपीकामातला तुझा नियम. "पुढच्या मंगळवारी या," म्हणायचास आणि लोक हसत परत जायचे. लस टोचणाऱ्या नर्सबाईंनाही तू तेच सांगितलंस. एकदा नाही, तीनदा.

वहिनीला वाटायचं, तू सुईला घाबरलास. आयुष्यभर सुई धरलेला माणूस! खरं सांगायला मला तोंड नव्हतं. तिसऱ्या वेळी तू चपला घालून निघाला होतास. मीच म्हटलं, "एवढे शाळेचे गणवेश होऊ देत. लस काय पळून जाते?" तू चपला काढल्यास. तीन आठवड्यांनी तुला ताप आला.

तू गेल्यावर डॉक्टर म्हणाले, लशीला अंगात तयारी करायला दोनेक आठवडे लागतात. वेळेवर घेतली असती तर बहुधा वाचला असता. त्या 'बहुधा'वर मी महिनाभर रडले. आता पुरे.

आज सकाळी वहिनीला सगळं सांगून टाकलं. ऐकून ती उठली. मग चपला घालून म्हणाली, "चल."

दुकानाला कुलूप लावताना गणवेशवाल्या मुख्याध्यापिका आल्या. म्हटलं, "आज काम बंद. लस घ्यायला चाललोय. तुम्ही घेतलीत?"

"बघू, पुढच्या आठवड्यात."

दादा, हे मी केंद्रावरच्या बाकावर बसून लिहितेय. एका बाजूला वहिनी आहे, दुसऱ्या बाजूला मुख्याध्यापिका. त्यांची पर्स माझ्या मांडीवर आहे. टोचून होईपर्यंत देणार नाही.

तुझी,
काजं-बटणं करणारी धाकटी