साठ हेलकाव्यांचा सूर

आदरणीय गेन्झो मामांस,

टोकियोहून तुमचा भाचा शिगेयोशी वाकून नमस्कार करतो. इकडे सकाळी खिडकीच्या काचेवर वाफ धरू लागली आहे. म्हणजे ओनोमिचीत तुमच्या दारापुढच्या संत्र्यांना रंग चढला असेल. तुमचा उजवा गुडघा कसा आहे? (मागच्या पत्रात मी डाव्याची चौकशी केली होती. चूक कळली तेव्हा पत्र पेटीत पडलं होतं. त्याची चुटपुट अजून आहे.) मामींनी पाठवलेली सुकी मासळी पोचली आणि संपलीसुद्धा.

आई बरी आहे. जेवते, फिरून येते, शेजारणींशी हवापाण्याचं बोलते. पण गात नाही. वडिलांच्या श्राद्धानंतर ओनोमिचीचं चढावरचं घर बंद करून मी तिला इकडे आणलं, त्याला सात महिने झाले. जन्मभर शाळेत पायपेटीवर मुलांना गाणी शिकवलेली बाई भांडी विसळताना गप्प उभी असते, ही नोंद माझ्या रोजनिशीत तेरा वेळा आली आहे. तिच्यासाठी काहीतरी करायला हवं असं वाटलं, आणि मी रेडिओ करायला घेतला. (तिच्यासाठी की माझ्यासाठी, हा प्रश्न मी स्वतःला विचारला होता. उत्तर मिळण्याआधी सोल्डरची सळई तापली होती.)

वडिलांनी युद्धानंतर स्वतः जुळवलेला तो काचेच्या पाच व्हॉल्व्हचा रेडिओ तुम्हाला आठवत असेल. त्याचं लाकडी खोकं आमच्याबरोबर आलं. आतलं सगळं खाऱ्या वाऱ्यानं खाल्लं होतं, पण झाकणाच्या आत त्यांच्या हातचा जोडणीचा नकाशा आणि सामानाची यादी शाबूत होती. यादी घेऊन मी आकिहाबाराला रेल्वेपुलाखाली गेलो. तिथे कपाटाएवढी दुकानं आहेत, आणि त्यांतल्या एकात ओगाता आजी व्हॉल्व्हच्या राशीत बसलेल्या असतात. वरून गाडी गेली की सगळ्या काचा एकदम किणकिणतात आणि मला तुमच्या फेरीबोटीतल्या कपबशांची आठवण येते. आजी प्रत्येक व्हॉल्व्हला पेन्सिलीनं टिचकी मारतात, कान लावतात, मग वर्तमानपत्रात गुंडाळून देतात. आवाज मोठा करणारा 6ZP1 व्हॉल्व्ह निवडायला मला तीन शनिवार लागले. "मास्तर, सून बघायला आलात का?" त्यांनी विचारलं. "चार जणी नाकारल्यात. पाचवीनं तुम्हाला नाकारलं तर?"

पहिल्यांदा बटण फिरवलं तेव्हा पाचही काचांत हळूहळू केशरी उजेड उतरला, संध्याकाळी सामुद्रधुनीपलीकडे एकेक दिवा लागावा तसा. मग घूं असा आवाज सुरू झाला. स्टेशन लागण्याआधीची ती गुणगुण ऐकत आई डोळे मिटून बसली. मला वाटलं, आता गाते.

"हा आपला नाही रे," ती म्हणाली. "आपला वरच्या सुरात घुमायचा. मी तो सूर धरून गाणं उचलायची. ह्याच्यावर उचललं तर दुसऱ्या ओळीला तळाला जाऊन बसेन."

मामा, मी व्हॉल्व्ह बदलले. कंडेन्सर बदलले. ट्रान्सफॉर्मर उलटा बसवून पाहिला, मग पुन्हा सुलटा. शेवटी मोठे कंडेन्सर लावून गुणगुण पार मारून टाकली. आई म्हणाली, "आता तर घरात कुणीच नाही असं वाटतंय." मी जुने कंडेन्सर परत लावले.

सातव्या शनिवारी ओगाता आजींनी चहाचा पेला खाली ठेवला आणि आई मूळची कुठली ते विचारलं. ओनोमिची म्हटल्यावर त्यांनी माझ्यासाठी काढलेला व्हॉल्व्ह पुन्हा राशीत ठेवला. "मास्तर, फुजी नदीपलीकडची, म्हणजे ओनोमिचीची वीज सेकंदाला साठ हेलकावे घेते. इकडची पन्नास. रेडिओ तिच्याच चालीनं घुमणार. बिचाऱ्या व्हॉल्व्हचा काय दोष? शाळेत शिकवता तरी काय तुम्ही?"

विज्ञान शिकवतो. नेमका हाच धडा मी गेली एकोणीस वर्षं फळ्यावर नदी काढून शिकवतो आहे.

तेव्हा तब्येतीला जपा. मामींना नमस्कार.

आपला,
शिगेयोशी

ता. क. एक बारीकशी विनंती. रेडिओ रेल्वेनं पाठवतो आहे. तुमच्या वरच्या खोलीत, समुद्राकडच्या खिडकीपाशी तो लावा आणि टेलिफोन त्याच्यासमोर धरा. इकडून आई ऐकेल.

ता. क. २. वरची विनंती मला पुन्हा वाचवेना. थोरला मुलगा असून हे लिहायला लाज वाटते, म्हणून मी रेडिओच्या आड लपलो. ती वरची खोली हिवाळाभर आईला द्याल का? तिनं मागितलेली नाही. मागणारही नाही.

ता. क. ३. पाकीट चिकटवण्याआधी पत्र आईनं वाचलं. (पाकीट मी उघडंच ठेवलं होतं. मुद्दाम ठेवलं होतं का, यावर रोजनिशीत दोन पानं झाली आहेत.) ती म्हणाली, "गेन्झोला विचारायचं काय त्यात? माझा धाकटा भाऊ आहे तो. आणि रेडिओ इथेच राहू दे. त्याचा सूर इथला झालाय, तुझ्यासारखाच." मग ती कपडे भरायला गेली आणि आतून, कशाचाही आधार न घेता, वरच्या सुरात गाणं सुरू झालं. मी उठलो नाही. उठलो असतो तर थांबली असती.

आई गुरुवारी दुपारच्या गाडीनं तुमच्याकडे येते आहे. रेडिओच्या पार्सलसाठी मी ठळक अक्षरांत एक चिठ्ठी करून ठेवली होती: काच आहे, जपून उतरवावे. ती तिनं स्वतःच्या ट्रंकेला चिकटवली आहे.