ठकूबाईच्या भिंतीवरची रेघ

१९ ऑक्टो. १९४६
आज म्युनिसिपालिटीत एकच काम. नदीकाठच्या अकरा घरांना नोटिसा. महिन्यापूर्वी पूर येऊन गेला, आता म्यु. ती घरं विकत घेऊन पाडणार, माणसं वरच्या माळावर नेणार. ज्याच्या भिंतीवर पुराची रेघ, त्याचंच घर घ्यायचं. ते बघायला नगरहून साहेब येणार, म्हणून अध्यक्षांचा हुकूम: काठावर सगळ्यांनी चुना लावून भिंती स्वच्छ कराव्यात. हस्ताक्षर माझं. हेडक्लार्कनं अक्कल वेगळ्या फायलीत ठेवावी.

२७ ऑक्टो.
साहेब आले. काठ लग्नघरासारखा पांढराफेक. "पाणी कुठवर होतं?" अध्यक्षांचा हात छातीशी, ओव्हरसियरचा कमरेशी. दोघांनी एकमेकांकडे पाहून हात मागे बांधले.

रेघ उरलीय एकाच घरावर. ठकूबाई कुंभारणीच्या. सगळ्यांत खालचं घर. नवरा पुरानंतर तापानं गेला. वर्ष सरेपर्यंत सण नाही, चुना नाही. तिला नोटीस: चुना का लावला नाही? तीही मीच लिहिली.

३० ऑक्टो.
ठकूबाई कचेरीत. "मालक जाऊन म्हैना न्हाई झाला भाऊसाहेब, आन मी घर रंगवू व्हय?" नोटीस फायलीत पुरली.

१४ नोव्हें.
साहेबांचा शेरा: पुरावा पाठवा. दहा घरांचा पुरावा चुन्याखाली. मी चेष्टेनं खर्डा केला: 'ठकूबाईच्या भिंतीवरील रेघ सर्व घरांस प्रमाण मानावी, व अंतिम मंजुरीपर्यंत ते घर जसेच्या तसे जपावे.' अध्यक्षांना चेष्टा कळत नाही हे वीस वर्षं ठाऊक. तरी...
एकमताने मंजूर.

८ फेब्रु. १९४७
दहा घरं घेतली, पाडली; नगरची अंतिम मंजुरी अजून बाकी. ठकूबाईचं राहिलं. घेतलं की पाडावं लागेल, पाडलं की पुरावा जाईल.
"माझ्या भिताडावर समदी माळावर गेली, आन मी एकलीच खाली?"
"ठराव आहे, बाई."
"कुनी ल्हिला?"
मी दौत सरळ केली.
घरी सांगितलं. सौ. म्हणाली, "तुमच्या विनोदानं एक दिवस कुणीतरी बुडेल." भाकरीही जरा आदळूनच वाढली.

२ मे
अध्यक्षांना म्हटलं, ठराव फिरवू. "सभा पावसाळ्यानंतर. घाई काय एवढी?" त्यांचं घर टेकाडावर.
तिनं चुना फासला तर? रेघ गेली की घर राखायचं कारण जातं. घ्यायचं कारणही जातं. माझ्या हातून इतकं पक्कं काम आजवर झालं नव्हतं.

६ जून
ठकूबाई आली. डोक्यावर टोपली. टोपलीतून भिंतीची वीट काढून माझ्या टेबलावर ठेवली. विटेवर जुना चुना, त्यावर गाळाची रेघ.
"ही घ्या तुमची रेघ. बसा जपत. आता घर घ्या."
ओव्हरसियर हसला. "अगं, भिंतीतनं काढलीस. आता उंची कशी कळायची?"
तिनं कमरेची सुतळी सोडली. एक गाठ. "उंबऱ्यापासनं गाठीवर रेघ. माळावरच्या चौघांम्होरं मापलीया. आमी मडक्याचं माप सुतळीनंच घेतो, सायेब. चुकलं तर झाकन बसत न्हाई."
ओव्हरसियरनं टेप काढून सुतळी मोजली. हे पहिल्यांदाच.
आवक वहीत नोंद केली: वीट, रेघेसह, एक. सुतळी, गाठीसह, एक. तिला पावती दिली. 'पुरावा कचेरीत जमा. घर जपण्याचे कारण उरले नाही.' सही माझी. हुकूम नसताना केलेली पहिलीच.
"म्हंजी घेनार?"
"अध्यक्ष राहुरीला लग्नाला गेलेत. परवा येतील."
पावती पदराला बांधून ती भगदाड पडलेल्या घराकडे गेली.
संध्याकाळी नदीवरून घरी आलो. इथं अजून थेंब नाही. पाणी मात्र वरच्या पावसानं गढूळ झालंय.