आकड्यावरचा आकडा

अण्णा, आपल्या त्या जुन्या गाडीच्या आकड्याची दुसरी चावी परवा माझ्या हातात आली. आता टेबलावर, या कागदाच्या शेजारीच आहे. गाडी कधीच भंगारात गेली असेल, ट्रॉलीचं काय झालं ते मला माहीत नाही, आणि तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. त्या चावीने आज काहीच उघडत नाही. तरी ती हातात घेतली आणि तुमच्याशी बोलावंसं वाटलं. तुम्ही म्हणाल, हिला बोलायला निमित्त लागतं का? नाही लागत. गावोगाव बोलत फिरते मी, त्यावरच माझं नाव आहे. पण आज जे सांगायचं आहे ते माइकवर सांगण्यासारखं नाही.

ती गाडी तुम्ही, आपण आखातात असताना, फुजैरा सोडून जाणाऱ्या एका जर्मन इंजिनियरकडून घेतलीत. तो मागे ट्रॉली लावून शिडाची होडी न्यायचा. होडी तो घेऊन गेला, ट्रॉली आणि ती ओढायचा लोखंडी आकडा आपल्याकडे राहिला. आई म्हणाली, "आता या ट्रॉलीत काय, मला बसवणार?" तुम्ही त्यात पुस्तकं बसवलीत. दुबईच्या देऱ्यातल्या मराठी घरांमधून जुनी पुस्तकं आणि दिवाळी अंक गोळा करायचे, फळांच्या खोक्यांत भरायचे आणि दर शुक्रवारी खोरफक्कान, दिब्बा असं किनाऱ्या-किनाऱ्याने लेबर कॅम्पवर न्यायचे. डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या त्या रस्त्यावर मागे ट्रॉलीचा खडखडाट आणि मांडीवर एखादं पुस्तक. मी जे काही वाचलं त्यातलं निम्मं तिथे वाचलं. अजूनही कुणी मला विचारतं, तुमचं शिक्षण कुठलं? मी कॉलेजचं नाव सांगते, पण मनात तो खडखडाट ऐकू येतो. आणि कामगाराला वाचायला कुठे वेळ असतो, असं कुणी म्हटलं की आजही माझं डोकं फिरतं. पत्र्याच्या खोलीत आठ खाटांमध्ये एक पंखा, बाहेर पंचेचाळीस डिग्री, आणि खाटेवर पालथं पडून कादंबरी वाचणारा माणूस मी पाहिला आहे. त्यांना मिळत नव्हतं म्हणून ते वाचत नव्हते. मिळालं, वाचलं. इतकं सोपं आहे ते, आणि इतकं सोपं असूनही आपण करत नाही.

त्या वाचणाऱ्यांत पहिले होते वेल्डरकाका. तुमच्याच टर्मिनलच्या वर्कशॉपमधले, तुम्ही फोरमन आणि ते वेल्डर. देवगडकडचे, बोलणं अस्सल मालवणी. दर गुरुवारी दुपारी तिघाचौघांना घेऊन पिकअपमधून यायचे, खोकी ट्रॉलीत चढवायचे, आकड्याला ग्रीस लावायचे आणि वर येऊन आईच्या हातची सुरमई खायचे. मला 'बाय' म्हणायचे. मी तेव्हा अकरावीत होते, नुकतीच आंतरशालेय वादविवादात पहिली आलेली, आणि घरात मीठ मागायचं तरी मुद्दा मांडल्यासारखं मागत होते. तुम्ही मला वकीलबाई म्हणायचात.

आणि त्या गुरुवारी सकाळी तुम्ही गाडी पासिंगला नेलीत. तपासणाऱ्याने मागून एक फेरी मारली आणि नंबर प्लेटकडे बोट दाखवलं. आकड्याच्या गोळ्याने मधला एक आकडा झाकला होता. "ये हुक निकालो, नंबर नहीं दिखता. निकालके आओ. यल्ला, नेक्स्ट." आकडा काढता येण्यासारखा होता, पण त्याला कुलूप होतं, आणि कुलपाची चावी कुठेच नव्हती. जर्मनाने एकच दिली होती. मुल्कियाची, म्हणजे गाडीच्या नोंदणीची, मुदत त्याच दिवशी संपत होती, म्हणजे उद्यापासून गाडी रस्त्यावर काढायची नाही, म्हणजे पुस्तकं नाहीत. तुम्ही गाडी इमारतीखाली लावलीत, मला चावी शोधायला सांगितलंत आणि ड्युटीवर जाता जाता म्हणालात, "गेल्या आठवड्यात ग्रीस लावताना काकांकडे होती बहुतेक." अण्णा, ठिणगी तुमची होती, हे मी आजही कबूल करून घेईन. 'बहुतेक' हा शब्द मी ऐकलाच नाही.

मी सगळं घर उलथं केलं. घामाने निथळत खाली आले, तेवढ्यात पिकअप येऊन उभा राहिला. काका उतरले, हातात त्यांचं पुस्तक, मध्ये खुणेला बसचं तिकीट. मी जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर उभी होते. ती उंची मला फार भोवली.

"काका, आकड्याची चावी कुठे आहे?"

"चावी? माजेकडे नाय गो."

"शेवटी तुमच्याकडेच होती."

"मी ती अण्णांका दिलंय. भियातस कित्याक? आकडो बघ. आकडो आसा तर चावी गावतली."

"आकडा मला दिसतोय, काका. सगळ्या फुजैराला दिसतोय. त्या पासिंगवाल्याला तर नको तेवढा दिसला. तुम्हाला चावी दिसत नाहीये, हा मुद्दा आहे!"

पिकअपजवळचे तिघे खो खो हसले. त्यांना वाटलं गंमत चालली आहे. मला वाटलं सभा जिंकली. मग कोण थांबतं? प्रश्न चावीचा नाही, प्रश्न जबाबदारीचा आहे, असं मी म्हणाले. एका माणसाच्या निष्काळजीपणाने शंभर माणसांचं वाचन बंद पडतं, असं म्हणाले. काकांनी दोनदा मध्ये तोंड उघडलं. "आकडो बघ गो बाय, आकडो..." दोन्ही वेळा मी हात वर करून त्यांना थांबवलं, स्पर्धेत परीक्षक थांबवतात तसं. "आधी मला पूर्ण करू द्या." शेवटी मी म्हणाले, "दुसऱ्याची वस्तू सांभाळता येत नसेल तर हात लावू नये." एवढ्यावर हसणारे पिकअपकडे वळले. काकांनी पुस्तक गाडीच्या बॉनेटवर ठेवलं, ग्रीसचे हात नसतानाही पँटला पुसले आणि म्हणाले, "बरा." पिकअप गेला. वर आईने सुरमई तळायला घेतली होती, खिडकीतून वास येत होता. मी पुस्तक उचललं. तिकिटाच्या पुढे ऐंशी पानं उरली होती. पुस्तक अर्धवट टाकून परत करणारा तो माणूस नव्हता.

तुम्ही दिवस मावळताना आलात. आईने दारातच सांगितलं, "तुमच्या लेकीने आज भाषण दिलंय. जेवणारी माणसं उपाशी गेली." तुम्ही बूटही काढले नाहीत. मला समोर बसवून विचारलंत, "ते काय म्हणाले? तू काय म्हणालीस ते नको, ते आईने सांगितलं. ते काय म्हणाले?"

"आकडा बघ म्हणाले. तीनतीनदा. आकडा तर समोरच होता!"

तुम्ही मोठ्याने हसलात. मला हाताला धरून खाली नेलंत, गाडीमागे गुडघ्यावर बसवलंत. कुलपावर एक छोटं रबरी टोपण होतं, ते नखाने उचललंत. "वाच." आत, कुलपाच्या तोंडावर, बारीक कोरलेलं एक अक्षर आणि चार अंक. "हा आकडा. हा सांगितला की कंपनी याचीच चावी करून पाठवते. त्यांनी ग्रीस लावताना तो पाहिला असणार. आकडा असला तर चावी मिळेल, हेच ते तुला सांगत होते." त्यानंतर तुमचं हसू ओसरलं. मी सुटका करून घ्यायला नेहमीसारखी इंग्रजीत शिरले. "आय वॉज ओन्ली मेकिंग अ पॉइंट, अण्णा."

"पॉइंट झाला," तुम्ही म्हणालात. "माणूस गेला." आणि जिना चढता चढता, मागे न बघता, "कुठला आकडा, एवढं विचारायला तुझं काय गेलं असतं?"

आयुष्यात तुम्ही मला मारलं नाहीत, ओरडलातही क्वचित. पण ते वाक्य आजही मी बोलायला उभी राहिले की कानात असतं.

आकडा शारजाच्या एका स्पेअर पार्टवाल्याला फोनवर कळवला गेला. चावी यायला बारा दिवस लागले. पुढच्या गुरुवारी पिकअप आला नाही, दोन शुक्रवार गाडी खालीच उभी. आईने त्या गुरुवारीही सवयीने जास्तीचा भात लावला. तेराव्या दिवशी तुम्ही शेजाऱ्यांचा पिकअप मागून घेतलात, नवी चावी माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "हे काम तुझं." वर्कशॉपच्या गेटपर्यंतच्या रस्त्यात मी सगळं भाषण जुळवलं. सुरुवात, तीन मुद्दे, शेवट. तुम्ही गाडीतच बसून राहिलात. काका बाहेर आले, काळा चष्मा कपाळावर सरकवलेला, जेवणाची सुट्टी नुकतीच झालेली. आणि अण्णा, माझ्या तोंडातून एक शब्द फुटेना. भरल्या सभागृहात न अडखळणारी मी, एका माणसासमोर नुसती उभी.

"काका, चावी आली," मी म्हणाले.

"आली? बरा झाला."

मी पुस्तक पुढे केलं. "तुमची ऐंशी पानं राहिलीत."

त्यांनी ते हातात घेतलं, तिकीट जागेवर आहे का ते पाहिलं. "येतंय बेस्तवारी," म्हणाले, आणि आत गेले.

मी परत येऊन बसले. तुम्ही विचारलंत, "बोललीस?"

मी म्हणाले, "हो."

तुम्ही गाडी सुरू केलीत.

बेस्तवारी, म्हणजे गुरुवारी, ते खरंच आले. त्यांनीच नवी चावी फिरवली, आकडा अलगद हातात आला, त्यांनी तो तान्ह्या मुलासारखा फडक्यात गुंडाळून डिकीत ठेवला. आईने सुरमईचे दोन तुकडे जास्त वाढले. पासिंग झालं, आकडा परत बसवला, पुस्तकं पुन्हा निघाली आणि पुढची चार वर्षं निघतच राहिली. जुनी चावी काही महिन्यांनी तुम्हाला स्टेपनीखाली सापडली, तुमच्याच हातून पडलेली. ती तुम्ही सगळ्यांदेखत काकांना दिलीत. "हरवली माझ्याकडून. आता एक तुमच्याकडे राहू दे, म्हणजे हरवणार नाही." त्यांनी ती आपल्या लॉकरच्या किल्लीबरोबर कडीत अडकवली. माझ्याकडे त्या दिवशी दोघांनीही पाहिलं नाही. मी मात्र दोघांकडे पाहत होते.

ही गोष्ट मी व्यासपीठावरून पुष्कळदा सांगितली आहे. लोकांना आवडते. आकडा आणि आकडा म्हटलं की हशा येतो. पण माझ्या गोष्टीत गेटवर मी माफी मागते. व्यवस्थित, हात जोडून, दोन सुंदर वाक्यांत. तिथे टाळ्या पडतात. पहिल्यांदा तसं सांगितलं तेव्हा खाली बघून सांगितलं होतं. नंतर नंतर मला ते खरंच वाटू लागलं.

परवा देवगडजवळच्या एका गावातल्या वाचनालयात भाषण होतं. दुपारची वेळ, अंगणात मांडव. मी त्या गोष्टीपाशी येत होते, रस्त्याचं वर्णनही सुरू केलं होतं, आणि तिसऱ्या रांगेत काका दिसले. केस पांढरे, मांडीवर पुस्तक, त्यात खुणेचा कागद. मी ती गोष्ट सोडून दिली. वाचनालयांच्या दुरवस्थेवर घसरले, जोरात बोलले, टाळ्याही मिळाल्या. संपल्यावर चहा न घेता मागच्या दाराने गाडीकडे निघाले. तर काका तिथे आधीच उभे. माझ्या गाडीच्या मागे वाकून काहीतरी बघत होते.

"हिका आकडो नाय?" त्यांनी विचारलं.

ओठांवर उत्तर होतं, काका, ट्रॉलीच नाही तर आकडा कशाला. ते मी गिळलं.

"कुठला आकडा, काका?" मी म्हणाले.

ते इतके हसले की त्यांना गाडीला टेकावं लागलं. आणि त्या हसण्यातच मी म्हणाले, "मी तुम्हाला नको ते बोलले होते. माझं चुकलं." सुरुवात नाही, मुद्दे नाहीत. त्यांनी हात हलवला. "तुझो बापूस दुसऱ्याच दिशी सकाळी येवन गेलेलो. म्हणालो, माज्या चेडवाच्या वतीन मी सांगतंय. चेडू येतला, पण बोलाचा नाय. तेका येळ लागतलो." मग त्यांनी खिशातून ही चावी काढली. कडी तीच होती, लॉकरची किल्ली नव्हती.

म्हणजे पिकअपमध्ये 'बोललीस?' विचारताना तुम्हाला माहीत होतं. माझं 'हो' ऐकूनही तुम्ही मान हलवलीत आणि गिअर टाकलात. मला आधी लाज वाटली, आणि मग देवगड ते घर, सगळा रस्ता, फार बरं वाटत राहिलं. कुणीतरी आपल्याला इतकं पुरतं ओळखून होतं आणि तरी घाई करत नव्हतं, यापेक्षा माणसाला काय हवं असतं?

चावीवर तोच आकडा आहे. अक्षर स्पष्ट आहे, अंक बरेच झिजलेत, पण मला पाठ आहेत. पुढच्या भाषणात गेटवरचा प्रसंग जसा झाला तसा सांगेन; टाळ्या नाही पडल्या तरी चालेल. हा कागद कुठे पाठवायचा नाही, घडी घालून पुस्तकात खुणेला ठेवते.

एक तेवढं राहिलं. वर मी लिहिलं आहे की मागच्या दाराने गाडीकडे निघाले. निघाले नव्हते, अण्णा. पळत होते.