दिल्या घरच्या आत्या

मी, खाली सही करणारी, व्यवसाय शिवणकाम, हे मृत्युपत्र राजीखुशीने, डोकं ठिकाणावर असताना आणि कुणाचंही न ऐकता लिहून ठेवत आहे. मरायची घाई अजिबात नाही. डॉक्टरीणबाईंनी नुकतंच "आता वर्षातून एकदा तोंड दाखवा" म्हणून मला पिटाळलं आहे.

१. शिलाई मशीन, कटिंगचं टेबल आणि मोठी कात्री ही माझी हत्यारं माझ्या हाताखालच्या बाईंना द्यावीत. त्या कात्रीने कुणी कागद कापला, तर मी मानगुटीवर बसेन.

२. माझ्या स्तनात गाठ निघाली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात आणखी कुणाला कॅन्सर?" मी तोंड उघडायच्या आत धाकटा भाऊ म्हणाला, "छे! आमच्या घरात कुणालाच नाही."

"अरे, आणि आपल्या आत्या? दोघी कॅन्सरनेच गेल्या ना?"

"त्या कुठल्या आपल्या घरच्या, ताई? त्या दिल्या घरच्या."

वा रे वा! लग्न लावून दिलं म्हणून रक्तही सासरी पाठवलं होतं काय? त्याचं ऐकलं असतं, तर नुसती गाठ काढून मी घरी आले असते. मी आत्यांचं सांगितलं, म्हणून जनुकांची तपासणी झाली; त्यात दोष जन्मजात निघाला, वडिलांकडून आलेला. म्हणून दोन्ही स्तन काढले, पुढे अंडाशयही. रडले, खूप रडले. आता माझ्या ब्लाउजला छातीच्या गोलाईचे टक्स घालावे लागत नाहीत. सुटले एकदाची.

३. "बायकांचा आजार, माझा काय संबंध?" म्हणत भाऊ स्वतःची तपासणी टाळत राहिला. मी अबोला धरला, तेव्हा कुठे गेला. दोष त्याच्यातही निघाला. मग पाळी त्याच्या एकुलत्या एक मुलीची, माझ्या भाचीची. तिचा रिपोर्ट येईपर्यंत आम्हा दोघांचा जीव टांगणीला लागला होता.

४. राहतं घर भाचीला द्यावं. भावाला काही नाही. साक्षीदाराला वाटा ठेवू नये असं वकीलबाई म्हणाल्या, म्हणून त्याला मुद्दाम साक्षीदार केलं आहे.

५. भाचीचा रिपोर्ट आज आला. तिच्यात दोष नाही. आमच्या घराण्याची एवढी एक वस्तू तिच्या वाट्याला आली नाही. हुश्श! ती न मिळणं, याहून मोठं काही मला तिला द्यायचं नव्हतं.

ठिकाण: माझं कटिंगचं टेबल
दिनांक: रिपोर्टवर आहे तोच
सही: ताई

साक्षीदार:
१. डॉक्टरीणबाई. मी शुद्धीवर असल्याची खात्री करून.
२. सख्खा धाकटा भाऊ. सही करताना रडल्यामुळे शाई पसरली आहे, तरी ती ग्राह्य धरावी.