मेमरीतलं सटाणं

११ फेब्रु. २००२
साहेबांचं पुन्हा तेच. "स्वतःची प्रोग्रॅमिंगची भाषा कशाला लिहीत बसलीस? तयार मिळते, ती घे." घेतली होती ना! सटाण्याच्या कांदा मार्केटातल्या जुन्या कॉम्प्युटरवर नुसती उघडायलाच घाम फुटतो तिला. माझी उघडते. कारण माझ्यात एक शब्द मेमरीत एकदाच. हजार शेतकऱ्यांच्या नावापुढे गाव 'सटाणा' असलं तरी आत एकच 'सटाणा', बाकी सगळे त्याच्याकडे बोट दाखवतात. साहेब म्हणाले, मार्केटात चालवून दाखव, नाहीतर बंद. दाखवीन की.

१३ फेब्रु.
सटाणा. पार नाक कापलं गेलं. एका शेतकऱ्याचं गाव चुकलेलं, तो कळवणचा. आवक लिहिणाऱ्या भाऊसाहेबांनी खोडून 'कळवण' केलं, आणि स्क्रीनवर सगळ्यांचंच कळवण. भाऊसाहेब चहा पीत शांतपणे म्हणाले, "ताई, आख्खं सटाणं कळवणले चालनं गयं."
लिलाव थांबला. व्यापारी हसत होते. मेमरी वाचवायच्या नादात दुरुस्ती त्याच एका शब्दावर होत होती, ज्याच्याकडे सगळ्यांची बोटं. परतताना एस्टीत रडू आलं, संतापाचं. चुकले मी, भाषा नाही. तिला टाकणार नाही.

१६ फेब्रु.
शेजारच्या टेबलावरचा मिलिंद म्हणे, माघार घे, निदान नोकरी तरी... तूच घे बाबा.
आता बदलण्याआधी विचारायचं, या शब्दाकडे किती बोटं? एकाहून जास्त असतील तर आधी वेगळी प्रत, मग बदल. एकही उरलं नाही की जागा मोकळी. बसतंय वाटतं.

२१ फेब्रु.
पुन्हा सटाणा. भाऊसाहेबांनी मुद्दाम स्क्रीनवर तोच शेतकरी काढला. खोडलं, लिहिलं. एकटाच गेला कळवणला! "आते बरं शे," म्हणाले. लिलाव पार पडला.
पण मेमरी हळूहळू भरत चालली होती. कुठलातरी शब्द वापरून झाला तरी सुटत नाही, बोटांच्या मोजणीत कुठेतरी वजा करायचं राहतंय. साहेबांना मीच सांगितलं. लपवायचं काय त्यात? सोमवारी ठरवू, एवढंच बोलले.

२२ फेब्रु.
आले तर टेबलावर तयार भाषेची सीडी. साहेबांनीच ठेवलेली. म्हणजे सोमवारचं ठरलेलंच दिसतंय, किंवा...
सकाळपासून मेमरीची ती गळती शोधतेय, न सुटणारा शब्द. अजून नाही सापडली. सीडीवर चहाचा कप ठेवलाय.