असिएदूमामांचं लॉगिन

सोमवार, ४ मार्च
लागली एकदाची नोकरी! कोफोरिडुआ शहरातलं हे इस्पितळ मोठं आहे, माझी खोली हवेशीर आहे आणि खिडकीखालीच केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे उंडे, नि तळलेली मासळी विकणारी बाई बसते. अजून काय पाहिजे? कामही माझ्या आवडीचं. इथल्या प्रत्येक यंत्राची सेटिंगची फाइल वेगळी : जनरेटर, बाळांना ऊब देणाऱ्या काचेच्या पेट्या, शवागाराचा फ्रिज, दारांची कुलुपंसुद्धा. माझ्या आधी या जागेवर असलेले असिएदूमामा, सगळ्यांचेच मामा, एकेका यंत्रात शिरून हाताने बदल करायचे. आता मी एक वेबपान बनवायचं. ब्राउझर उघडा, फाइल निवडा, आकडा बदला, जतन करा. कोणी बदललं त्याचं नाव शेजारी दिसेल.

मामा जानेवारीत गेले. त्यांच्या खुर्चीत अजून कोणी बसत नाही. बाळांच्या वॉर्डच्या डान्सोआ सिस्टर आल्या, त्यांनी आधी खुर्चीला रामराम केला, मग मला म्हणाल्या, अगं अजेइवा, केवढीशी तू, फुफूचे गोळे खातेस की नुसती बटणं चावतेस? मला त्या तिथल्या तिथे आवडल्या.

गुरुवार, ७ मार्च
दिवसभर मामांच्या फाइली वाचल्या. हॅशचं चिन्ह टाकलेली ओळ यंत्र वाचत नाही, ती मागून येणाऱ्या माणसासाठी असते. मामांनी अशा ओळी हौसेने लिहिल्यात. जनरेटरच्या फाइलीत, ‘पोरा, याला हात लावशील तर रडशील.’ एकटीच खो खो हसले.

जुनी लॉगिनं पुसताना मामांचंही पुसलं. सिस्टर चिडल्या. माणूस अजून मातीत गेला नाही आणि तू त्याचं नाव पुसतेस? तुझ्या आईने काही शिकवलं की नाही? रीत मला माहीत आहे, मी काही परदेशातून आले नाही. मामा खाली आमच्याच शवागारात आहेत. त्यांचं आईकडचं घराणं, ज्याचा आमच्यात मृतावर पहिला हक्क, आणि बायको यांचं अंत्यविधीच्या तारखेवर जमत नाही. पण गेलेल्या माणसाचा पासवर्ड चालू ठेवणं म्हणजे दार सताड उघडं टाकून झोपणं. ते मला जमणार नाही.

मंगळवार, १२ मार्च
पान सुरू झालं! टाळ्या, थंडगार माल्टच्या बाटल्या, माझं भाषण. दुपारी शवागाराचा फ्रिज चार अंशांवरून तीसवर गेलेला दिसला. बदलणाऱ्याचं नाव : असिएदू. खाली एक ओळ.
# गार वाटतंय.
खोडी त्यांचीच वाटून प्रयोगशाळेतल्या पोरांवर तोंडसुख घेतलं. त्यांनी आईची शपथ घेतली. हे लॉगिन आता अस्तित्वातच नाही. फ्रिज परत चारवर आणला.

बुधवार, १३ मार्च
सकाळी बाळांच्या पेट्या चारवर. नाव तेच. सिस्टर आणि नर्सेस बाळांना छातीशी धरून उभ्या होत्या. सगळ्यांत लहानीचे ओठ निळे पडले होते. मी छत्तीस लिहिते, पुन्हा चार. पानाला जोडणारी वायर काढली तर पेटीच बंद पडते. शेवटी घाबरत घाबरत फ्रिज तीसवर नेला. पेट्या आपोआप छत्तीसवर आल्या.
मामांना ऊब हवी आहे. इथून नाही तर तिथून.

गुरुवार, १४ मार्च
मामांच्या घराण्याकडे गेले, हातापाया पडले. मोठा भाचा हॅम्बुर्गहून यायचाय, घराला रंग लागायचाय, एवढ्या मोठ्या माणसाला असं गुपचूप पुरायचं का? एक मावशी म्हणाली, फ्रिजमध्ये आहे गं तो, त्याला कसली घाई?
परत आले तर खाली वास सुटलेला, बाकीच्या मृतांची माणसं फाटकावर ओरडत होती. इस्पितळाच्या मोठ्या साहेबांनी माझं ऐकलं नाही. फ्रिज चारवर नेला. पेट्याही चारवर उतरल्या.
लहानी गेली.
मी ते नाव पुसलं होतं. मी.

शुक्रवार, १५ मार्च
मामांचं लॉगिन परत घातलं. फरक नाही. फ्रिज तीसवर ठेवलाय, साहेब पुन्हा खाली न्यायचा म्हणताहेत. सिस्टर म्हणाल्या, पानावर माफी मागतात का कुठे? त्यांच्या पायाशी जा, श्नॅप्सची दारू जमिनीवर ओत, नाव घेऊन माफी माग. बाटली त्यांनीच आणली. जाते.

शुक्रवार, दुपार, शवागार
मोबाइलवर लिहितेय. ओतलं. माफी मागितली. दार मागे लागलं —
पानावर दाराची फाइल : बंद. नाव, असिएदू.
मी ‘उघड’ लिहिलं. पेट्या उतरायला लागल्या. तेहतीस. तीस. पुन्हा ‘बंद’ केलं. छत्तीस.
म्हणजे मी, नाहीतर बाळं.

सिस्टर बाहेरून दार बडवताहेत. ओरडून सांगितलं, फोडू नका, पेट्यांपाशी जा. त्या रडताहेत. वॉर्डकडे धावल्या.

फ्रिज आपोआप चारवर. पेट्या छत्तीसवरच. आता त्यांना तिथली ऊब नको, माझी —

बोटं वळत नाहीत. भीती वाटते. फार भीती वाटते. दार नाही उघडणार.

मागे कप्पा सरकला.

नवी ओळ —
# सरक जरा, पोरी.

मी हलले नाही. तरी पाठीला काहीतरी —